पहिलं पाणी टाकून द्यायचं

आमच्या घरात माझ्या पोटाला घरातल्या एका वेगळ्या माणसाचा दर्जा आहे. मी सुटीत घरी गेलो की आजी आधी माझ्याकडे पाहते आणि मग आईला विचारते, "पोट कसा आसा त्याचा?" जणू मी आणि माझं पोट दोन वेगळ्या गाड्यांनी आलो आहोत! याला कारण आहे. प्रथम वर्षाला असताना ऑगस्टमध्ये मला कावीळ झाली. ती महिन्याभरात गेली, पण जाताना माझी पचनशक्ती बरोबर घेऊन गेली. तेव्हापासून तेलकट खाल्लं की छातीत जळजळ, तिखट खाल्लं की रात्रभर जागरण, आणि दोन्ही एकदम खाल्लं तर दुसऱ्या दिवशीच्या तासांना दांडी. डॉक्टरांनी सांगितलं, "स्निग्ध कमी, तिखट कमी, आणि एका वेळी थोडंच." सिंधुदुर्गातल्या माणसाला मालवणी मसाला वर्ज्य करणं म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांना सांगून कळणार नाही. घरी सगळे बांगड्याचं तिखलं ओरपत असताना मी पेज आणि भाजलेला पापड घेऊन बसत असे.

अशा या पोटानं गेल्या डिसेंबरात कोहिम्याजवळच्या एका खेड्यात चुलीच्या धुरावर वाळवलेल्या डुकराच्या बरगड्या खाल्ल्या आणि त्या रात्री ते शांत झोपलं. हे मी मित्रांना सांगितलं तेव्हा कुणाचाही विश्वास बसला नाही. म्हणून ती कृती इथं लिहायला बसलो. पण लिहू लागल्यावर ध्यानात आलं की त्या कृतीच्या आधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही, आणि ती गोष्ट माझ्या फारशी फायद्याची नाही.

मी राहत होतो त्या वसतिगृहात माझा खोलीसोबती नागालँडचा होता, अंगामी जमातीचा. पहिल्या दिवशी मेसमध्ये त्याला तिघांनी विचारलं, "तू कुठल्या देशाचा?" त्यानं तिघांनाही अगदी गंभीरपणे उत्तर दिलं, "तुमच्याच." जूनमध्ये मी घरून सुकटीची चटणी आणली होती. डबा उघडताच शेजारच्या खोलीतली मुलं नाकाला रुमाल लावून दारात उभी राहिली, आणि तेव्हापासून आमच्या खोलीला 'मासळीबाजार' असं नाव पडलं. त्या दिवशी त्या डब्यात हात घालणारा एकटा हाच. "आमच्याकडेही वास येतो तेच चांगलं असतं," असं काहीसं तो मोडक्या हिंदीत म्हणाला. कावीळ झाली तेव्हा पंधरा दिवस त्यानं मला मऊ भात आणि त्यावरचं पाणी करून घातलं. त्याला आमच्याकडे पेज म्हणतात, हे मी त्याला सांगितलं. तो शिकलेला पहिला मराठी शब्द 'पेज' हा होता. ("अभ्यासक्रम" हा शब्द त्याला अजून नीट म्हणता येत नाही, पण पेज येतो.)

जानेवारीत तो नाताळ करून परत आला, तेव्हा त्याच्या बॅगेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पुडका होता. एका रविवारी दुपारी त्यानं गॅलरीत विजेच्या शेगडीवर पातेलं चढवलं. त्यात धुरानं काळं पडलेलं मांस होतं, आणि त्याच्या सुमी मित्रानं दिलेली अखुनी होती. अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. वास मजला ओलांडून खाली गेला. संध्याकाळी एक कागद खोल्या-खोल्यांतून फिरू लागला. 'वसतिगृहाचे वातावरण' वगैरे शब्द त्यात होते. कागद माझ्याकडे आला तेव्हा त्यावर अठरा सह्या होत्या. मी एकोणिसावी केली.

कारणं होतीच. मला त्या वासानं खरोखर मळमळत होतं, कावीळ होऊन पाच महिनेच झाले होते, वसतिगृहात शेगडी वापरणं नियमाबाहेरच होतं. पण आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सही करताना यांतलं एकही कारण माझ्या मनात नव्हतं. माझ्या मनात एवढंच होतं, की मी सही केली तर 'मासळीबाजार' हे नाव आता फक्त त्याच्याकडे जाईल. रेक्टरांनी शेगडी जप्त केली आणि पातेल्यासकट उरलेलं सगळं फेकून द्यायला लावलं. तो मला काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही. दुसऱ्या वर्षाला असताना त्याला एकदा तातडीनं घरी जावं लागलं. त्याचे वडील अचानक हृदयविकारानं गेले होते. तो परत आला तो थोडा अबोल होऊन. आणि तिसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात एक दिवस म्हणाला, "यंदा नाताळला माझ्याबरोबर चल. आई तुला पाहायचं म्हणते."

प्रवासाचं वर्णन मी करत नाही, ते वार्षिकांतून पुष्कळ येतं. दिमापूरपर्यंत रेल्वे, पुढे डोंगरातला रस्ता, परमिटाचा कागद, आणि सुमारे १,४०० मीटर उंचीवरचं ते गारठलेलं शहर. १९४४ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची दफनभूमी तिथं आहे. तिथंच वरच्या अंगाला ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन-स्मारक आहे. त्यावरची नावं वाचता वाचता मी बराच वेळ उभा राहिलो. पण या लेखाचा विषय स्वयंपाकघर हा आहे.

त्यांच्या घराचं स्वयंपाकघर मुख्य घरापासून निराळं, लाकडी फळ्यांचं. जमिनीवर चूल, आणि चुलीच्या बरोबर वर, माणसाच्या डोक्याहून उंच, बांबूची टांगलेली चौकट. त्या चौकटीवर मांसाचे लांब पट्टे आणि बरगड्यांचे अख्खे फरे लटकत होते, पिकल्या मधाच्या रंगापासून थेट कोळशाच्या रंगापर्यंत. आत पाऊल टाकताच मला तो वास आला. गॅलरीतला, पातेल्यातला, तोच वास. आणि गंमत अशी, की इथं तो मुळीच उग्र वाटला नाही. इथं तो भिंतींचाच होता, छपराचा होता, मावशीच्या शालीचा होता. मला आमच्या जुन्या घरातली पावसाळ्यातली चूल आठवली. तिच्यावर टांगलेल्या शिंकाळ्यात आजी सुके बांगडे ठेवायची, कारण बाहेर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला आषाढात बुरशी धरायची. ओल्या मुलखातल्या माणसांना ही विद्या कुणी शिकवावी लागत नाही, असं दिसतं.

मावशीनं (त्याच्या आईला मी पहिल्याच दिवशी मावशी केलं, आणि तो शब्द तिला आवडला) मला धुरावण्याची रीत दाखवली. आमचं संभाषण म्हणजे थोडं हिंदी, थोडं नागामीज आणि पुष्कळसे हातवारे. मांसाला त्या घरात मीठ लावत नाहीत. ताजं मांस बोटाएवढ्या जाडीच्या पट्ट्यांत कापायचं, बरगड्या अखंड ठेवायच्या आणि चौकटीवर टांगायच्या. पहिले दोन-तीन दिवस विस्तव जरा जोराचा, म्हणजे वरचं पाणी आटतं, चरबी ठिबकून जाते. पुढे दोन-तीन आठवडे चुलीवर रोज जे काही शिजेल त्याचाच धूर. लाकूड बहुधा अल्डरचं. ही झाडं त्यांच्या शेतातच उभी असतात. माणसाच्या उंचीवर त्यांच्या फांद्या छाटतात, बुंधा राखतात, तो पुन्हा फुटतो. या झाडाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीला देतात, म्हणून फिरत्या शेतीतही तिथली जमीन लवकर थकत नाही. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात फिरत्या शेतीला सरसकट दोष दिलेला मी वाचला होता. पुस्तक लिहिणाऱ्यानं हे शेत पाहिलं नसावं.

धुरानं मांस टिकतं ते का, हेही त्या चुलीपाशी बसून कळलं. वरचा भाग सुकतो, त्यामुळे कुजवणाऱ्या जंतूंना ओल मिळत नाही. आणि धुरातल्या काही द्रव्यांना ते जंतू सोसत नाहीत. मात्र हीच काजळी रोज पोटात जाणं बरं नव्हे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं धुरावलेल्या आणि खारवलेल्या प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगाला कारण होणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. माझा मित्र रसायनशास्त्राचा विद्यार्थी नसूनही हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "म्हणूनच आई आधी खरवडते." मला वाटतं, ती त्या संस्थेच्या पुष्कळ आधीपासून खरवडत असावी.

माझ्या पोटाची कीर्ती माझ्याआधी तिथं पोहोचली होती. मावशीनं मला चुलीजवळ बसवलं, माझ्या पोटाकडे बोट केलं आणि म्हणाली, "कमजोर है? हमारा आदमी का भी था." त्याच्या वडिलांना जठराचा व्रण होता. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी डुकराचं मांस बंद केलं. आता अंगामी माणसाचं डुकराचं मांस बंद करायचं आणि तेही नाताळात! काकांनी आठ दिवस निमूटपणे भात आणि पालेभाजी खाल्ली. नवव्या दिवशी ते चुलीपाशी येऊन नुसते वर पाहत बसले. तेव्हा मावशीनं ही रीत बसवली. चार वर्षं ती त्यांच्यासाठी तसं शिजवत होती. ते गेल्यावर तिनं तसं शिजवलं नव्हतं. मागच्या नाताळाला तर त्या चौकटीवर काहीच टांगलं नव्हतं.

आता कृती. माझ्यासारख्या पोटाच्या माणसांनी इथं नीट लक्ष द्यावं.

बरगड्यांचा फरा उतरवून आधी सुरीच्या पाठीनं काजळी खरवडायची. सालाचं जे करकरीत काळं कवच असतं ते काढून टाकायचं, वाईट वाटलं तरी. मग कढत पाण्यात बुडवून हातानं चोळून धुवायचं, आणि कोयत्यानं दोन-दोन बोटांचे तुकडे करायचे. पातेल्यात तुकडे बुडतील एवढं पाणी घालून उकळी आणायची आणि ते पहिलं पाणी टाकून द्यायचं. हे पाणी चहासारखं तपकिरी असतं, वास तर इतका मोहक, की टाकवत नाही. काकांना ते पाणी फार आवडायचं म्हणे. म्हणून मावशी ते त्यांच्या नजरेआड ओतून यायची. मग दुसरं पाणी, त्यात ठेचलेलं आलं. लसूण नाही, कांदा नाही, अखुनी नाही. आणि राजा मिरची तर त्या पातेल्याच्या आसपासही नाही. २००७ साली गिनेस बुकानं जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंदवली ती हीच मिरची. घरातल्या इतरांसाठी तिची चटणी वेगळ्या वाटीत होती. मी त्या वाटीपासून एक हात दूर बसूनही मला शिंक आली.

यापुढे विस्तव अगदी मंद. मावशी दर थोड्या वेळानं एखादं लाकूड मागं ओढायची आणि म्हणायची, "लाहे लाहे." म्हणजे हळूहळू. दीड-दोन तास असं चालतं, मांस हाडाला धरून राहतं पण बोट लावताच सुटतं, इथपर्यंत. डुकराचं मांस अर्धकच्चं कधीच खाऊ नये, त्यातून पोटात जंतकृमी जाण्याची भीती असते. मंद आणि पुष्कळ वेळ शिजवल्यानं ती भीती जाते आणि दातांचं आणि जठराचं निम्मं काम पातेलंच करून ठेवतं. शिजलं की लगेच खायचं मात्र नाही. पातेलं झाकून रात्रभर बाहेरच्या थंडीत ठेवून द्यायचं. सकाळी झाकण काढलं तर वर चरबीचा पांढराशुभ्र थर गोठलेला, नदीवर बर्फ गोठावं तसा. मावशीनं सुरीनं कडेनं सोडवून तो अख्खा थर चकतीसारखा उचलला आणि माझ्यासमोर धरला. माझ्या जागरणांचं मूळ मला प्रथमच असं डोळ्यांनी दिसलं. स्निग्ध पदार्थ जठरात रेंगाळतात हे डॉक्टरांनी मला तीन वेळा समजावून सांगितलं होतं. त्या चकतीनं ते एकदाच सांगितलं.

त्या निवळ रसात मग तांदूळ शिजायला टाकले, थोडे, पाणी भरपूर. तांदूळ फुटत आले की डोंगरातला हिरवा पाला मूठ-मूठ चुरून. याला अंगामी लोक गल्हो म्हणतात. मी पातेल्यात डोकावलो आणि मित्राकडे पाहिलं. तो हसून म्हणाला, "पेज!" शेवटी मावशीनं एका काटेरी झाडाची चार पानं तोडून आणून वर टाकली, आणि मी एकदम उभाच राहिलो. स्वयंपाकघरात तिरफळांचा वास सुटला होता! आमच्या बांगड्याच्या तिखल्यातली तिरफळं, जी मी अडीच वर्षं तोंडात घातली नव्हती. त्या पानाला ते मिचिंगा म्हणतात. तिरफळाच्याच कुळातलं झाड आहे ते. कोकणच्या किनाऱ्यापासून इतक्या दूर, समुद्र न पाहिलेल्या डोंगरात, एका बाईनं आमच्या घरचा वास पातेल्यात टाकला आणि झाकण लावलं.

माझ्या ताटलीत गल्हो आणि दोन बरगड्या आल्या. दोनच. तिसरी मी मागितली तेव्हा मावशीनं डाव माझ्या हाताबाहेर धरला. "कल," ती म्हणाली. चव कशी होती हे सांगणं कठीण आहे. आधी धूर लागतो, मग आल्याची ऊब, आणि मग भाताची साधी गोडी येऊन दोघांना शांत करते. हाड चोखताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं, असं मी सांगितलं.

आम्ही जेवत असताना मावशीनं हात पुसत मला सहज विचारलं, "वह जो इसका बाबा ने भेजा था, वह भी तुम खाया था न? हॉस्टेल में? अच्छा था?"

मला काही कळेना. मग कळलं. तो पुडका. गॅलरीतल्या पातेल्यातलं ते मांस काकांनी धुरावलं होतं. स्वतःला बंद असूनही, मुलाच्या खोलीतल्या मित्रांसाठी म्हणून फऱ्यातला चांगला भाग निवडून, स्वतःच्या हातानं गुंडाळून दिलं होतं. तो त्यांचा शेवटचा नाताळ होता. माझ्या हातातलं हाड मी ताटलीत ठेवलं. मी तोंड उघडायच्या आत मित्र तिच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, दोन-तीन वाक्यं, हसत. तीही हसली, आणि समाधानानं चुलीकडे वळली.

रात्री अंथरुणावर मी त्याला विचारलं, "काय सांगितलंस?"

"सगळ्यांनी खाल्लं म्हटलं. फार आवडलं म्हटलं. तुला जरा कमी दिलं, कारण तुझं पोट."

बाहेर कुठंतरी मुलं नाताळची गाणी म्हणत गल्लीतून जात होती. ती दूर जाईपर्यंत मी थांबलो आणि मग सांगून टाकलं, की त्या कागदावर माझीही सही होती.

"एकोणिसावी," तो म्हणाला. "रेक्टरांनी कागद मला वाचायला दिला होता."

"मग तू मला इथं कशाला आणलंस?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, झोपला. मग म्हणाला, "वास होताच रे जास्त. ते खरं आहे. पण तू कागदावर लिहिण्याऐवजी मला सांगितलं असतंस तर मी खाली नेऊन शिजवलं असतं. फेकावं लागलं नसतं." आणि कूस वळवून म्हणाला, "झोप आता. पोट बघ."

मी पोट बघत जागा राहिलो. जळजळ येईल म्हणून वाट पाहिली, आली नाही. पोटाची काहीच तक्रार नव्हती. त्या रात्री जे काही टोचत होतं ते पोटाच्या थोडं वर होतं. पहाटे कधीतरी डोळा लागला. सकाळी मावशीनं स्वतःच्या पोटावर हात ठेवून विचारलं, "भाल आसे?" मी म्हणालो, "भाल आसे." मग पुढचे पाच दिवस रोज दोन-दोन बरगड्या आणि गल्हो. जादा एकही नाही.

निघताना तिनं माझ्या बॅगेत एक पुडका ठेवला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला. तीन दिवस आणि तीन रात्री तो माझ्या उशाशी होता. डब्यातल्या एका गृहस्थांनी इकडे तिकडे हुंगून "कसला वास येतोय हो?" असं विचारलं. "माझ्या बॅगेतून येतोय," मी म्हणालो. एवढं वाक्य म्हणायला मला तीन वर्षं लागली होती.

आमच्या घरात डुकराचं मांस शिजत नाही. आईनं पुडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माळ्यावरून एक जुनं पातेलं काढून दिलं. "परड्यात शिजव. आनि ह्या टोप घरात हाडू नको." मी नारळाखाली तीन दगड मांडले. खरवडलं, धुतलं, उकळलं, पाणी टाकलं. सगळं मावशीसारखं, लाहे लाहे. आमच्याकडे जानेवारीतही चरबी धड गोठेना, म्हणून शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये पातेलं ठेवायची विनवणी करावी लागली. आत काय आहे हे त्यांना आधी सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि खालचा कप्पा रिकामा करून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ घातले, घरच्या माठाची भाजी चुरली, आणि मिचिंग्याच्या जागी चार तिरफळं ठेचून टाकली.

वास परडं ओलांडून पडवीत गेला तशी आजी काठी टेकत बाहेर आली. नाकानं दोनदा हवा ओढली. पातेल्यात काय आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नाही. जरा लांबच, केळीपाशी उभी राहून म्हणाली,

"धुरावरचा दिसता. पयला पाणी वतून टाकलंस मां रे?"